अजून वाजतंय

बिद्री,
४ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षता,

सप्रेम जय भीम. तुझ्या डोहाळजेवणाची तारीख तुझ्या सासूबाईंनी फोनवर सांगितली, तेव्हापासून तुझी आई घरात नुसती भिरभिरतेय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुझ्या सासरीही मान्य आहे. राहिलं एकच काम, तुला आणायचं. ते मी ठरवून टाकलंय. अठ्ठावीस डिसेंबरला, रविवारी, मी जीप घेऊन कणकवलीला येतो. जेवतो आणि तुला घेऊन परत फिरतो.

तोंड वाकडं करू नकोस. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं मी जी जीप चालवली, खात्यानं लिलावात काढल्यावर भंगारवाले जिचे टायर लाथा मारून बघत होते आणि बोली लावून जी मी घेतली, तीच ही. लग्न झाल्यावर सासरी तू हिच्यातूनच गेलीस. मग माहेरी यायला दुसऱ्याची गाडी कशाला?

तयारीला लागलोय. ब्रेक ऑइल बदललं, डिझेलचा फिल्टर नवा घातला, सेल्फचे ब्रश कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आणले. सगळं अंगणात, चिंचेखाली. गॅरेजवाल्याच्या हातात तिला आजवर दिली नाही, आता देणार नाही. एक बारीक दुखणं मात्र निघालंय. इंजिन गरम झालं की आतून आवाज येतो, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. सापडेल. हातात पावणेदोन महिने आहेत.

तू फोन करतेस, पण फोनचं माझं जमत नाही. नुसती खरखर येते. तू हॉस्टेलला होतीस तेव्हा आपण पत्रं लिहायचो, तेच बरं होतं. पत्रात समोरच्याला मधेच तोंड घालता येत नाही, हा मोठा फायदा.

तुझा जीपवाला,
आबा


कणकवली,
९ नोव्हेंबर २०२५

आबा,

जय भीम. मधेच तोंड घालता आलं नाही म्हणून पत्र शेवटपर्यंत वाचलं. आता घालते.

जीप नको. मला तिचा राग नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तुमचे पाने-पकडी पुसून पुसून माझं लहानपण गेलं. पण मधे फोंडा घाट आहे. डॉक्टरांनी धक्के बसू देऊ नका म्हणून बजावलंय, आणि जीपच्या सीटवर तर दातांना दात लागतात. प्रसेनजीत म्हणतायत, इथून चांगली गाडी ठरवू, ड्रायव्हर ओळखीचा आहे. तुम्ही आणि आई एसटीनं या, आपण सगळे त्या गाडीनं बिद्रीला जाऊ. यात कमीपणा कसला?

दुसरं एक विचारायचंय, बरेच दिवस मनात आहे. गेलं वर्षभर तुम्ही माझ्याशी फोनवर धड बोलला नाहीत. आई फोन तुमच्या हातात देते, तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणता आणि ठेवता. जयसिंगपूरच्या शाळेतली नोकरी सोडून मी इकडं आले, त्याचा राग अजून आहे का? असेल तर रागवा, पण बोला. खरखर माझ्या फोनला येत नाही, आईच्याही येत नाही.

आवाजाचं म्हणाल तर आधी झडपांची टॅपेट बघा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, हे तुम्हीच मला शिकवलंत. कुठं जोरात वाजतंय ते दोन मिनिटांत कळेल. पण हे तुम्हाला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं.

तुमची,
अक्षता


बिद्री,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षता,

राग कसला? पोरगी सुखात आहे, बापाला आणखी काय पाहिजे? नोकरीचं मी केव्हाच विसरलो. फोनच खराब आहे, त्यात माझा राग शोधू नकोस.

टॅपेट उघडली. एकेक मापून बघितली, सगळी बरोबर. तरी वाजतंय. इंजेक्टर उतरवून कोल्हापुरातून तपासून आणले. त्यात खोट नाही. बसवले, तरी वाजतंय. आधी गरम झाल्यावर वाजायचं, आता थंड असतानाच वाजतं, पाट्यावर ओली मिरची वाटावी तसं घासून. स्क्रू-ड्रायव्हर लावूनही बघितला. सगळीकडून सारखंच येतं, काही पत्ता लागत नाही. इतक्या वर्षांत ह्या गाडीनं मला असं कधी फसवलं नव्हतं.

कारखाना सुरू झालाय, रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर. परवा मुदाळ तिट्ट्याजवळ एक ट्रॅक्टरवाला मागून आला, ट्रॅक्टर आडवा घातला आणि उतरून माझ्याशीच भांडायला लागला. "म्हाताऱ्या, कवाधरनं हॉर्न देतोय, बाजू दे की!" मी म्हटलं, "रस्ता काय तुझ्या बापाचा हाय व्हय?" तुझी आई शेजारी होती. तिनं खाली उतरून त्याच्यापुढं हात जोडले. मला ते अजिबात आवडलं नाही. घरी आल्यावर दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. चूक त्याची आणि रुसवा माझ्यावर.

प्रसेनजीतरावांना गाडी ठरवू देऊ नकोस. तीस वर्षं मी साहेबांच्या मुलींना सासरहून माहेरी आणलं. त्यांना घाटात उलटी होऊ नये म्हणून वळणावळणाला गाडी सावकाश घेतली, थांबून लिंबू दिलं. तेव्हा मनात एकच असायचं, माझ्या पोरीला मी असाच आणीन. आता माझ्या पोरीची वेळ आली तर दुसरा कुणी ड्रायव्हर आणणार? मुलीला आणायला बाप जातो, ड्रायव्हर नाही. अठ्ठावीसला मी येणार.

आबा


कणकवली,
२३ नोव्हेंबर २०२५

आई,

हे पत्र मी मुद्दाम शेजारच्या झुंबरबाईंच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी पाठवलं तर आबा आधी फोडतील. तू त्यांच्या ओट्यावर बसूनच वाच.

काल आबांची दोन्ही पत्रं पुन्हा काढली. जीपचा आवाज त्यांनी काय लिहिलाय बघ. एकदा "फोडणीत मोहरी तडतडावी तसा." एकदा "पाट्यावर ओली मिरची वाटावी तसं." आबा असं बोलतात का? आबा म्हणतील, तीन नंबरच्या पिस्टनला ठोका येतोय. जन्मात त्यांनी फोडणी घातली नाही, पाट्यावर मिरची वाटली नाही. हे शब्द तुझे आहेत, आई. आवाज तू ऐकतेस आणि आबा फक्त लिहितात.

मग सगळंच एकेक करून जुळायला लागलं. फोनवरचं ते "बरं बरं, ठेवतो." मागून हॉर्न देणारा तो ट्रॅक्टर. तू जोडलेले हात. आबांना ऐकू येत नाही, होय ना? किती कमी येतं? केव्हापासून? मी मात्र वर्षभर मनात धरून बसले, की आबा माझ्यावर रागावलेत. एकटी असताना किती वेळा रडले असेन.

आई, घाटात वळणापलीकडचं दिसत नाही. तिथं हॉर्नच ऐकायचा असतो. त्यांना जीप घेऊन येऊ देऊ नकोस. फोनवर विचारलं की तू "सगळं बरं हाय" म्हणतेस, म्हणून लिहून विचारलं. खरं काय ते कळव.

तुझी,
अक्षू


बिद्री,
१ डिसेंबर २०२५

चि. अक्षता,

तुझं उत्तर नाही. प्रसेनजीतरावांनी गाडी ठरवली असेल तर आजच मोडायला सांग.

इकडं माझ्यावर हात टेकायची वेळ आली होती. इंजिनाखालचा चेंबर उतरवला आणि अंगणात पोतं टाकून आठवडाभर गाडीखाली उताणा पडून होतो. बेअरिंग सोडून बघितली. आरशासारखी स्वच्छ. परत बसवली, जीप सुरू केली, तरी वाजतंय. तुझ्या आईचा चेहरा रडवेला झाला होता. हल्ली ती फार कमी बोलते. काय झालं विचारलं की "काय न्हाय" म्हणते.

शेवटी इंजिनात थोडं ऑइल वाढवून बघितलं. त्यानं आवाज जरा दबला म्हणते तुझी आई. म्हणून आणखी घातलं, मग परवा आणखी. ऑइलच्या पट्टीवर वरची खूण असते, तिच्या बरंच वर गेलंय. असं करू नये, हे मला ठाऊक आहे. पण अठ्ठावीस तारीख तोंडावर आलीय. तुला एकदा घरी आणली की निवांत सगळं उपसून काढीन.

सहा तारखेला विहारात कार्यक्रम आहे, त्या दिवशी जीप बाहेर काढणार नाही. सातला, रविवारी, राधानगरीपर्यंत ट्रायल मारतो. चढाला कशी ओढते ते बघितलं की माझी काळजी मिटली.

आबा


कणकवली,
४ डिसेंबर २०२५

आबा,

आधी ऑइल काढा, मग पुढचं वाचा.

मी चौथीत असेन. जीपचं बॉनेट उघडून तुम्ही मला सांगितलं होतं, की पेट्रोलची गाडी चावीचं ऐकते, डिझेलची ऐकत नाही. डिझेलच्या इंजिनाला जळायला काहीतरी आणि वर हवा, एवढंच लागतं. ऑइल भलतंच जास्त झालं तर ते हवेबरोबर आत ओढलं जातं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं. मग चावी काढा, डिझेल तोडा, ते थांबत नाही. "हवा तोडली की मेलं," म्हणाला होता तुम्ही. आई तेव्हा पायरीवर तांदूळ निवडत होती. तुम्हाला हे मी सांगावं, अशी वेळ का आणलीत?

आणि तुमच्या हातून एक वाक्य निसटलं. "आवाज जरा दबला म्हणते तुझी आई." तुम्हाला स्वतःला काय ऐकू आलं, हे एकाही पत्रात नाही. आबा, तुम्हाला ऐकू येत नाही. मला कळलंय. यात लाज कसली? पण लपवून गाडी चालवण्यात जीव जाईल, तुमचा, आईचा आणि अजून जे जगात आलं नाही त्याचाही. मी जीपमध्ये बसणार नाही. तुम्ही दारात येऊन हॉर्न वाजवलात तरी बसणार नाही.

आत्ताच आईलाही फोन केला. ऑइलचं सांगितलं. "सांगते," म्हणाली, पण आवाज अगदी बारीक होता. रविवारच्या आत हे पत्र तुमच्या हातात पडू दे.

अक्षता


बिद्री,
९ डिसेंबर २०२५

लाडक्या अक्षूला आईचा जय भीम.

मी सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर समजून घे. तू विचारलंस त्याला उत्तर द्यायला फार उशीर केला. काल फोनवर मी पुन्हा "सगळं बरं हाय" म्हणाले, तेही खोटं. खरं बोलायला गेले की रडू येतं आणि हे समोर बसून माझ्या ओठांकडं बघत असतात. ओठांवरून ह्यांना सगळं कळतं. म्हणून झुंबरबाईच्या घरी बसून लिहिते.

व्हय, ह्यांना ऐकू येत नाही. आधी उजवा कान गेला, मग डावा. "कुणाला बोलू नगंस, लायसन जाईल," म्हणाले. तेव्हापासून जीप सुरू केली की मी बॉनेटजवळ उभी राहायची आणि आवाज कसा आहे ते सांगायचं, असं आमचं चाललं होतं. हात ह्यांचे, कान माझे.

आता खरं सांगते. जीप वाजत नव्हतीच. कधीच वाजत नव्हती.

ह्यांनी तुला घाटातून आणायचं काढलं आणि मी घाबरले. तुम्हाला ऐकू येत नाही, घाटात जाऊ नका, असं तोंडावर म्हणायचं धाडस होईना. जन्मभर गाडीच चालवलेल्या माणसाला ते कसं म्हणू? म्हणून जीप सुरू केली की मी म्हणायची, "वाजतंय अजून." वाटलं, गाडीत खोट आहे म्हटल्यावर हे आपणच घाटाचं नाव सोडतील. पण हे कुठले सोडतात? रोज उघडायचं, रोज मिटायचं. थंडीत पोत्यावर पडून कण्हायचे. ते बघवेना, म्हणून एकदा ह्यांनी ऑइल घातल्यावर मीच म्हणाले, "जरा कमी झालंय बगा." म्हटलं, आता तरी गाडीखालून उठतील. तर ह्यांनी आणखी घातलं. तुझा फोन आल्यावर मी सांगितलं की अक्षू ऑइल काढा म्हणती. हे म्हणाले, "काढलं तर आवाज वाढंल की." हट्ट धरला असता तर आवाजच नाही, हे सांगावं लागलं असतं. ते सांगितलं नाही. तिथं माझं चुकलं.

रविवारी दुपारी हे ट्रायल मारून आले, खुशीत होते. जीप चालूच ठेवून बॉनेट उघडलं, हवेचा पाइप सोडवून आत बघितलं, तो तसाच उघडा ठेवून अंगणाच्या टोकाला हौदावर हात धुवायला गेले. मी आत चपात्या लाटत होते. जीपचा आवाज चढायला लागला. वाटलं, हेच रेस करतायत. पण तो चढतच गेला, फळीवरची भांडी थरथरायला लागली. बाहेर येऊन बघते तर जीपमध्ये कुणी नाही आणि अंगणभर धूर. मी जीव खाऊन ओरडले, "अवो, या की हिकडं! जीप बगा!" वारा उलटा होता, धूर त्यांच्याकडं जात नव्हता. हे माझ्याकडं पाठ करून हाताला साबण लावत होते, अक्षू. शांतपणे, बोटांच्या बेचक्यातला काळा डाग घासत होते. मी ओरडतेय आणि ते हात धुतायत. 

चावी काढली, काही नाही. बंद करायची दांडी ओढली, काही नाही. पळत जाऊन ह्यांना आणावं तर तेवढ्यात इंजिन फुटेल, असा तो आवाज. मग पायरीवर बसून ऐकलेलं ते आठवलं, हवा तोडली की मेलं. लाटणं कुठं पडलं ठाऊक नाही, पोळपाट हातातच राहिला होता. तोच पाइपाच्या तोंडावर दाबला. इंजिनानं तो असा ओढून धरला, की मी सोडला असता तरी पडला नसता. जीप थडथडली, एक गचका दिला आणि बंद पडली. मनगट खालच्या तापल्या लोखंडाला लागलं होतं, ते नंतर कळलं.

तेव्हा हे वळले. पळत आले आणि "काय केलंस?" म्हणून माझ्यावरच ओरडले. मी सांगत होते, पण धुरात माझे ओठ ह्यांना दिसेनात. "काय? काय?" एवढंच विचारत राहिले. धूर विरला तेव्हा आधी माझं मनगट दिसलं आणि मग पोळपाट. पुढं काही सांगावं लागलं नाही. पोळपाट दोन्ही हातांनी ओढून काढला. तिथंच खाली बसले आणि म्हणाले, "घाटात झालं असतं तर? पोरगी आत असती तर?"

तू ह्यांना लिहिलेलं पत्र काल आलं. ह्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. माझ्या मनगटाला स्वतः मलम लावतायत. मला वाटलं, आता तरी सुटलं. पण आज सकाळी म्हणतात, "ऑइल काढलंय, आता काय धोका न्हाय. अठ्ठावीसला जाणार म्हंजे जाणार." अक्षू, आता तूच काहीतरी कर. आवाजाचं खोटं मात्र त्यांना सांगू नकोस. एवढं झाल्यावर तेही कळलं तर हे मोडून पडतील.

तुझी,
आई


कणकवली,
१२ डिसेंबर २०२५

आबा,

आईचं पत्र आलं. तिचं मनगट भाजलंय, हे तिनं एका ओळीत लिहिलं. तुम्ही तिथंच खाली बसलात, त्याबद्दल जास्त लिहिलंय.

मी भांडणार नाही. तुम्ही लिहिलं होतं, मुलीला आणायला बाप जातो, ड्रायव्हर नाही. ते मला पटलंय. मग बाप म्हणून या. चालवायचं काम त्या दिवशी दुसऱ्या कुणाला करू द्या आणि माझ्या शेजारी बसा. मला घाटात लिंबू लागेल, ते द्यायला तुमचे हात मोकळे पाहिजेत.

त्याआधी कोल्हापूरला जाऊन कान तपासून घ्या. हे मी तुमच्या लायसनसाठी म्हणत नाही. वर्षभर मला वाटत होतं, माझे आबा माझ्यावर रागावलेत. मला पुन्हा तुमच्याशी फोनवर बोलायचंय. आणि फेब्रुवारीत घरात कुणीतरी रडणार आहे, ते तुम्हाला ऐकू आलं पाहिजे.

हे कबूल नसेल तर अठ्ठावीसला येऊ नका. मी बाळंतपण इथंच करीन.

अक्षता


बिद्री,
२२ डिसेंबर २०२५

चि. अक्षता,

जय भीम. हे पत्र कानात मशीन घालून लिहितोय. पेनाचा कागदावर आवाज होतो, हे मी विसरलो होतो.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ वाचून आधी डोकं फिरलं. बाळंतपण इथंच करीन म्हणजे काय? तुझ्या आईनं बॅग भरून पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "एसटी सुटंल." गेलो. डॉक्टर तरुण होता. तपासलं आणि म्हणाला, "आजोबा, इतके दिवस चालवलंत कसं?" मी तुझ्या आईकडं बोट केलं.

मशीन बसवून घरी आलो आणि चप्पल काढायच्या आधी जीपकडं गेलो. म्हटलं, महिनाभर ज्यानं मला छळलं तो चोर आज सापडणार. तुझ्या आईला आत बसवलं, सेल्फ मारायला सांगितलं आणि बॉनेटजवळ उभा राहिलो. थंड इंजिन ऐकलं. गरम होऊ दिलं, पुन्हा ऐकलं. स्क्रू-ड्रायव्हर लावून एकेक ठिकाण ऐकलं. काही नाही. एवढं सुरेख चालत होतं, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग विचारलं, "कवापास्नं बरं झालं हे?"

"बिघडलंच न्हवतं," ती म्हणाली. आणि सगळं सांगून टाकलं.

मी तिला नाही नाही ते बोललो. ते इथं लिहिणार नाही. ती ऐकत उभी राहिली, भाजलेला हात पदराखाली घेऊन. मग मी मशीन काढून खिशात टाकलं आणि दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. त्या दोन दिवसांत ती काही बोलली असेल तर मला ठाऊक नाही. मी तिच्या ओठांकडंही बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी जीपमध्ये जाऊन बसलो, माझ्या सीटवर. मनात तेच घोळत होतं, की हिला सरळ सांगता आलं नसतं का? तुमास्नी ऐकू येत न्हाय, गाडी ठेवा. एवढंच तर म्हणायचं होतं. मग स्वतःलाच विचारलं, ती तसं म्हणाली असती तर मी काय केलं असतं? त्याच दिवशी जीप काढली असती आणि घाट चढून-उतरून आलो असतो, तिला दाखवायला. मी मेलो असतो किंवा कुणाला तरी मारून आलो असतो. दोष कुणात आहे, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. तिनं तो माझ्यावर येऊ दिला नाही, जीपवर घातला. बिचारी जीप महिनाभर उघडली-मिटली गेली, पण सोसलं तिनं.

उतरून स्वयंपाकघरात गेलो. मशीन घातलं आणि म्हटलं, "बोल आता." ती म्हणाली, "भाकरी गार झाली." एवढंच बोलली.

तर असं ठरलंय. सत्तावीसला, शनिवारी, आम्ही दोघं एसटीनं येतोय. रविवारी प्रसेनजीतरावांनी ठरवलेल्या गाडीनं बिद्रीला निघू. मी मागं तुझ्याशेजारी बसेन, खिशात लिंबं घेऊन. ड्रायव्हरला काही शिकवणार नाही. फार तर वळण आलं की "हॉर्न दे बाबा" म्हणेन, तेवढं चालवून घे. माझ्या लायसनचं डॉक्टर काय ते सांगतील. ते नाही म्हणाले तर नाही.

तुझ्या आईसाठी नवा पोळपाट आणला. जुना मी जीपमध्ये ठेवलाय, सीटखाली, पान्यांच्या पिशवीजवळ.

जीप विकणार नाही. रविवारी चिंचेखाली थोडा वेळ सुरू करत जाईन, म्हणजे तिचं अंग मोकळं राहील. काल सुरू केली. सुरू करण्याआधी मशीन काढून खिशात ठेवलं. का, ते मला सांगता येणार नाही. मग तुझ्या आईला विचारलं, "कसा हाय आवाज?" ती बॉनेटजवळ बराच वेळ कान देऊन उभी राहिली. मग माझ्याकडं वळली आणि मला ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाली, "काय वाजत न्हाय."

मी मशीन घालून बघितलं नाही. बॉनेट लावून टाकलं.

शनिवारी भेटू.

तुझा,
आबा